खेळ इंग्रजीशिवाय जिंकता येत असेल, तर मुलं इंग्रजी बोलणार नाहीत

8 मुलांचा गट, वयं 10 ते 13, आठवड्यातून दोनदा एकेक तास. तिघांना बऱ्यापैकी इंग्रजी येतं, तिघांना वाचता येतं पण बोलायची वेळ आली की तोंड उघडत नाही, आणि दोघं अगदी नवखी. खेळ घेतला की वर्ग रंगतो, पण सगळी बडबड मराठीत. इंग्रजीचे सुटे शब्द तेवढे कानावर पडतात, तेही त्याच दोघा-तिघांच्या तोंडून. तेव्हा खेळ बंद करून पुन्हा पुस्तकाकडे वळावं का, असा तुमचा प्रश्न आहे.

वळू नका. मुलांना तुमच्या वर्गात यावंसं वाटतं, आणि भाषा शिकवणाऱ्याला याहून मोठं भांडवल मिळत नाही. बदलायला हवेत ते खेळ. तुम्ही दिलेली यादीच बघा: हँगमन (एकेक अक्षर सांगत लपवलेला शब्द ओळखणं), शेवटच्या अक्षरावरून शब्द सांगणं, चित्र काढून शब्द ओळखायला लावणं, बिंगो. यातल्या एकाही खेळात जिंकायला वाक्य लागत नाही. हँगमनमध्ये अक्षरं पुरतात. चित्राच्या खेळात चित्र काढणारा गप्पच असतो आणि बाकीचे नामं ओरडतात. बिंगोत तर नुसतं ऐकून खूण करायची. जिंकायला जेवढं इंग्रजी लागतं तेवढं मुलं वापरतातच, त्यामुळे 'इंग्रजीत बोला' म्हणून त्यांच्यावर रागावण्यात अर्थ नाही.

कुठलाही खेळ वर्गात नेण्याआधी मी दोन गोष्टी तपासते. इंग्रजीचं एकही पूर्ण वाक्य न बोलता तो जिंकता येतो का? आणि एखादं मूल शेवटपर्यंत गप्प बसलं तर त्याच्या संघाचं काही अडतं का? पहिल्याचं उत्तर 'हो' आलं किंवा दुसऱ्याचं 'नाही' आलं, तर तो खेळ कितीही मजेचा असला तरी तासातली 5 मिनिटं त्याला पुरे. बिंगो मी वापरते ते 'थर्टीन' आणि 'थर्टी' यांतला फरक कानाला पकडता यावा म्हणून. तेवढं साधलं की थांबवते.

या कसोटीला उतरणाऱ्या खेळांचं मूळ एकच असतं. माझ्याकडे आहे ते तुझ्याकडे नाही, तुझ्याकडे आहे ते माझ्याकडे नाही, आणि दोघांचं एकत्र आल्याशिवाय काम पुरं होत नाही. इंग्रजी शिकवण्याचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात बंगळूर आणि दक्षिण भारतातल्या इतर काही शाळांत जो प्रयोग केला, त्यात व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून मुलांना सोडवायला कामं दिली जात. या कामांचे त्यांनी तीन प्रकार सांगितले. एकाकडची माहिती दुसऱ्याकडे पोचवायची, ही माहितीची दरी. दिलेल्या माहितीवरून नवं काही शोधून काढायचं, उदाहरणार्थ वेळापत्रक बघून कोणती गाडी सोयीची ते ठरवायचं, ही तर्काची दरी. आणि आपली पसंती किंवा मत मांडायचं, ही मताची दरी. गटासाठी खेळ निवडताना हे तीन कप्पे मला अजूनही सगळ्यात उपयोगी वाटतात. 10 ते 13 वयाच्या, भाषा अजून कच्ची असलेल्या मुलांना पहिल्या दोन कप्प्यांतलं काम द्या. मत मांडायला शब्द फार लागतात, ते नंतर.

त्याच प्रयोगातली आणखी एक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण ती तुमच्या अडचणीशी थेट जोडलेली आहे. प्रभूंनी मुलांना गटात काम देणं मुद्दाम टाळलं होतं. कच्ची भाषा असलेली मुलं आपसात बोलली तर मोडकंतोडकं इंग्रजीच पक्कं होत जाईल, अशी त्यांना काळजी होती. त्यांच्या तासात शिक्षक आधी एक काम सगळ्या वर्गाबरोबर, प्रश्न विचारत विचारत सोडवत असे आणि मग तसंच दुसरं काम प्रत्येक मूल आपलं आपण करत असे. गटात खेळायला लावणं मला योग्य वाटतं, कारण लहान गटात बोलण्याची पाळी पुन्हा पुन्हा येते. पण ती आधीची पायरी मी कधीच गाळत नाही. मुलं एकमेकांशी खेळण्याआधी तोच खेळ माझ्याशी, सगळ्यांसमोर, एकदा खेळून झालेला असतो.

एक खेळ जवळून दाखवते: दोन चित्रांतले फरक शोधणं. चित्रं मी हातानेच काढते, काड्यांची माणसं चालतात. एक खोली, तिच्यात टेबल, खुर्ची, खिडकी, घड्याळ, मांजर, थोडी पुस्तकं. दुसऱ्या कागदावर तीच खोली, पण 6 गोष्टी बदललेल्या. जोडीतली मुलं पाठीला पाठ लावून बसतात, कागद दाखवायचा नाही. फरक किती आहेत ते आधीच सांगावं, नाहीतर दोन सापडले की 'झालं' म्हणून मुलं मोकळी होतात.

सुरुवातीला एका मुलाला पुढे बोलावून मी त्याच्याशी हा खेळ खेळते आणि खेळता खेळता लागणारी वाक्यं फळ्यावर लिहीत जाते: 'इज देअर अ...', 'हाऊ मेनी... आर देअर', 'व्हेअर इज द...', 'इन माय पिक्चर...'. त्यांच्या खाली, वेगळ्या रंगात, अडल्यावर लागणारी वाक्यं: 'से दॅट अगेन, प्लीज', 'वेट अ मिनिट', 'आय डोन्ट नो द वर्ड', 'इज इट लाइक धिस?'. ही दुसरी यादी पहिलीपेक्षा जास्त महत्त्वाची आहे. मराठी शिरते ती नेमकी अडल्या जागी. 'ए थांब ना', 'काय म्हणालास?' हे मुलं मराठीत म्हणतात कारण त्यासाठीचं इंग्रजी त्यांच्या तोंडी बसलेलंच नसतं. एकदा का तो धागा मराठीत गेला, की पुढचा सगळा खेळ मराठीत जातो. म्हणून ही वाक्यं आम्ही आधी मोठ्याने, हळू आवाजात, घाईत, वैतागून अशी वेगवेगळ्या सुरांत म्हणून घेतो. 3 मिनिटं लागतात.

मग जोडीत असं काहीतरी ऐकू येतं:

'व्हेअर इज द कॅट?'
'टेबल.'
'ऑन द टेबल?'
'नो, नो. टेबल... खाली.'
'अंडर द टेबल?'
'येस! अंडर. अंडर द टेबल.'
'इन माय पिक्चर, द कॅट इज ऑन द चेअर. दॅट्स वन!'

इथे नवख्या मुलाला 'अंडर' मिळाला तो जोडीदाराकडून, ज्या क्षणी त्याला तो हवा होता त्याच क्षणी, आणि मिळाल्याबरोबर त्याने तो दोनदा वापरला. न समजल्यावर थांबणं, पुन्हा विचारणं, दुसऱ्या तऱ्हेने सांगून बघणं, यातून भाषा पुढे सरकते यावर मायकेल लाँग या अभ्यासकाने 1980च्या दशकापासून भर दिला. पण त्याच संवादाकडे पुन्हा बघा: सगळे प्रश्न एकाच मुलाने विचारलेत. दुसऱ्याने फक्त उत्तरं दिली, आणि तीही तुटक शब्दांत. म्हणून नियम हवा की प्रश्न आळीपाळीने विचारायचे, आणि नवख्याने फळ्याकडे बघून विचारलं तरी चालेल. प्रश्न विचारणं मराठी बोलणाऱ्या मुलांना फार जड जातं. मराठीत विधानाचा प्रश्न करायला शब्द जागचे हलवावे लागत नाहीत, त्यामुळे 'द कॅट इज व्हेअर?' असंच तोंडात येतं. वर्गात एरवी सगळे प्रश्न शिक्षकच विचारतात. मुलांना प्रश्न विचारायची खरीखुरी गरज पडते ती अशा खेळांतच. याच कारणासाठी 20 प्रश्नांत वस्तू ओळखण्याचा जुना खेळही मी सोडलेला नाही.

मराठीवर बंदी घालू नका. 'मराठी बोलला तर गुण वजा' हा नियम मी फार ठिकाणी बघते. त्याने इंग्रजी वाढत नाही, शांतता वाढते, आणि गप्प होणारी मुलं नेमकी तुमची ती दोघं नवखी असतात. मी तासाचे दोन भाग करते. डाव आखणं, नियम समजावून घेणं, एकमेकांना शब्द सांगणं हे मराठीतून चालेल. पण माहिती एकाकडून दुसऱ्याकडे जाते तो क्षण इंग्रजीतच हवा. फरक मोजला जातो तो इंग्रजीत विचारला आणि इंग्रजीत सांगितला गेला तरच. ही रेघ मुलांना लगेच कळते, आणि काही आठवड्यांत ती एकमेकांना स्वतःहून टोकू लागतात.

आता तुमची खरी डोकेदुखी: तिघं बोलतात आणि पाच जण बघतात. याला संघ पाडणं हा उपाय नाही. संघ पाडला की हुशार मूल कप्तान होतं आणि बाकीचे टाळ्या वाजवतात. सहकाराने शिकण्यावर आयुष्यभर काम केलेल्या डेव्हिड आणि रॉजर जॉन्सन या भावांनी यासाठी दोन अटी आवर्जून सांगितल्या आहेत: संघातल्या प्रत्येकाचं यश दुसऱ्यावर अवलंबून असावं, आणि तरीही प्रत्येकाला आपल्या वाट्याचा हिशोब स्वतः द्यावा लागावा. नुसती पहिली अट पाळली तर ताकदीचं मूल सगळ्यांचं काम करून टाकतं. नुसती दुसरी पाळली तर ती परीक्षाच होते.

या दोन्ही अटी एकदम पाळणारा आणि तुमच्या 8 मुलांना मापाने शिवल्यासारखा बसणारा प्रकार म्हणजे तुकड्यांची गोष्ट. मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन यांनी 1971 मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात ही पद्धत बसवली. तिथल्या शाळांत गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं नुकतीच एका वर्गात बसू लागली होती आणि ताण होता. प्रत्येक मुलाकडे धड्याचा एकच तुकडा द्यायचा, म्हणजे बाकीच्यांना त्याचं ऐकावंच लागतं, ही त्यामागची युक्ती. इंग्रजीच्या गटात ती अशी करता येते. 4 परिच्छेदांची एक छोटी रहस्यकथा लिहा: एक वस्तू हरवली आहे, 4 जणांवर संशय आहे. 4-4 चे दोन संघ. प्रत्येक संघातल्या प्रत्येक मुलाला वेगळा परिच्छेद. पण लगेच संघात बसवायचं नाही. आधी दोन्ही संघांतली, एकच परिच्छेद मिळालेली दोन मुलं जोडीने बसतात, तो वाचतात, अडलेले शब्द एकमेकांना किंवा मला विचारतात आणि तोंडी सांगायचा सराव करतात. 10 मिनिटांनी मी कागद काढून घेते. मग मुलं आपापल्या संघात परततात, आपला भाग आठवून सांगतात, बाकीचे प्रश्न विचारतात, आणि संघ मिळून ठरवतो की वस्तू कोणी नेली.

कागद काढून घेणं विसरू नका, ते केलं नाही तर मुलं फक्त वाचून दाखवतात. परिच्छेदांची वाटणी करताना नवख्या मुलाला सगळ्यात छोटा आणि सोप्या वाक्यांचा तुकडा द्या, पण कोडं सुटायला सगळ्यात गरजेचा धागा त्यातच ठेवा. 'हिज शूज वेअर वेट.' इतकं एक वाक्य, पण त्याच्याशिवाय चोर सापडत नाही. ज्या मुलाकडे कोणी बघत नव्हतं त्याच्याकडे तीन जण वळून 'व्हॉट? हूज शूज?' विचारतात, तेव्हा ते मूल बोलतं. पहिली जोडी लावताना नवख्याबरोबर मधल्या पातळीचं मूल बसवा. सगळ्यात पुढचं मूल शेजारी असलं की ते सगळं स्वतःच वाचून टाकतं, हे मी सतत पाहते.

रोजच्या छोट्या प्रश्नोत्तरांसाठी दुसरा उपाय. संघातल्या प्रत्येकाला 1 ते 4 क्रमांक द्या. प्रश्न सांगा, संघाला आपसात ठरवायला मिनिटभर द्या, आणि मग एक क्रमांक पुकारा. त्या क्रमांकाच्या मुलानेच उत्तर द्यायचं. कोणाचा क्रमांक येणार हे माहीत नसल्यामुळे हुशार मुलाला स्वतः ओरडून उपयोग नसतो, शेजाऱ्याची तयारी करून घ्यावी लागते. उत्तर द्यायला उभ्या राहिलेल्या मुलाला वेळ द्या. मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या तासांचा अभ्यास करून 1970च्या दशकात दाखवलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंदच थांबतात, आणि तेच थांबणं 3 सेकंदांवर नेलं की मुलांची उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागतात. परक्या भाषेत तर मी मनातल्या मनात 5 पर्यंत मोजते. तेवढा वेळ आपल्याला फार लांब वाटतो, मुलाला तो वाक्य जुळवायला पुरत नाही.

मूल हरलं की बाद, हा प्रकार भाषेच्या वर्गातून पूर्ण काढून टाका. सगळ्यात आधी बाद होतं ते कच्चं मूल, म्हणजे ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज तेच भिंतीला टेकून बसतं. संघही दर वेळी बदला. एवढ्या छोट्या गटात एकाच संघाची सलग तीनदा हार झाली की ती सगळ्यांच्या लक्षात राहते. शक्य तिथे स्पर्धा घड्याळाशी लावा: मागच्या वेळी 6 फरक शोधायला 9 मिनिटं लागली, आज बघू.

चुका कधी सुधारायच्या? खेळ चालू असताना, अर्थच कळेनासा झाला तर तेवढ्यापुरतं. बाकी सगळं वहीत टिपायचं. मुलाने 'शी गो टुमॉरो' असं काही म्हटल्यावर आपण सहज बरोबर वाक्य उच्चारून पुढे जातो आणि सुधारल्याचं समाधान मानतो. रॉय लिस्टर आणि लीला रांटा यांनी 1997 मध्ये कॅनडातल्या फ्रेंच शिकणाऱ्या मुलांच्या वर्गांचा अभ्यास मांडला. शिक्षक सगळ्यात जास्त वापरतात ती हीच पद्धत, आणि तिला मुलांचा प्रतिसाद सगळ्यात कमी, असं त्यात दिसलं. खेळाच्या भरात तर मुलाला कळतही नाही की आपलं काही चुकलं होतं. म्हणून शेवटची 10 मिनिटं मी राखून ठेवते. खेळात ऐकलेली 6 वाक्यं फळ्यावर लिहायची, नाव न घेता, त्यातली काही बरोबर आणि काही चुकीची. मग त्यांचा लिलाव. प्रत्येक संघाकडे 100 गुण, बरोबर वाटेल ते वाक्य विकत घ्यायचं. चुकीचं वाक्य गळ्यात पडलं तर ते दुरुस्त करून अर्धे गुण परत मिळवता येतात. व्याकरणाबद्दल एवढी तावातावाने चर्चा मुलं एरवी कधी करत नाहीत. ही चर्चा मराठीत झाली तरी मला चालते, इथे डोकं व्याकरणात गुंतलं पाहिजे.

दर तासाला नवा खेळ शोधण्याच्या मागे लागू नका. नवे नियम समजावण्यात तासाचा मोठा भाग जातो, आणि तोही मराठीत. सत्रभर 5-6 खेळ पुरतात. खेळ तोच, आतला मजकूर बदलायचा. फरकाच्या चित्रांत आज खोली, पुढच्या आठवड्यात रस्ता, मग 'कालची खोली आणि आजची खोली' म्हणजे भूतकाळ आपोआप आला. एकच गोष्ट पुन्हा सांगायला लावण्याचा भाषाशिक्षणाचे अभ्यासक पॉल नेशन यांच्या लेखनातून सगळीकडे पोचलेला 4-3-2 हा प्रकारही करून बघा: एका जोडीदाराला 4 मिनिटांत सांगायचं, दुसऱ्याला तेच 3 मिनिटांत, तिसऱ्याला 2 मिनिटांत. तुमच्या वयोगटाला 2 मिनिटं, दीड आणि एक एवढं बेताचं ठेवा. तिसऱ्या वेळी अडखळणं कमी झालेलं मुलांना स्वतःलाच जाणवतं.

तुमची दोघं नवखी मुलं पहिले काही तास फारसं बोलली नाहीत तरी घाबरू नका. त्यांच्यासाठी तासाची सुरुवात आज्ञांच्या खेळाने करा: 'टच द डोअर', 'पुट द पेन अंडर द बुक', 'गिव्ह इट टू हर'. ऐकून कृती करायची, बोलायची सक्ती नाही. मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांची ही पद्धत 1960च्या दशकातली आहे, आणि सुरुवातीच्या टप्प्यासाठी आजही चांगली चालते. दोन-तीन आठवड्यांनी त्याच मुलांना आज्ञा द्यायला सांगा. बाकीच्यांना आपण सांगू तसं हलावं लागतं याची मजा इतकी असते की तोंड आपोआप उघडतं.

हे चालतंय की नाही ते वर्गातल्या आरडाओरड्यावरून ठरवू नका. महिन्यातून एकदा, एकाच प्रकारच्या खेळात, प्रत्येक जोडीचं 2 मिनिटांचं बोलणं पालकांना विचारून फोनवर रेकॉर्ड करा आणि घरी शांतपणे ऐका. मी तीन गोष्टी ऐकते. शब्दाचं वाक्य झालं का? प्रत्येक मुलाने किती प्रश्न विचारले? आणि अडल्यावर ते काय करतं: गप्प बसतं, मराठीत जातं, की 'से दॅट अगेन' म्हणतं? तिसरी गोष्ट सगळ्यात आधी बदलते. ती महिन्याभरात बदललेली दिसली नाही, तर वाक्यांच्या दुसऱ्या यादीचा सराव कमी पडतोय किंवा काम मुलांच्या आवाक्याबाहेरचं आहे. चित्रं सोपी करा, फरक 6 चे 4 करा, आणि खेळ पुन्हा एकदा सगळ्यांसमोर स्वतः खेळून दाखवा.